गेटावरची काळ्या मातीची खोली

आमच्या शिवारातली माती इतकी काळी, की तिच्यावर कावळा बसला तर पांढरा दिसतो. हे मी पैजेवर सांगतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्या अशा, की आमच्या चुलत्याचं एक वासरू बांधावरच्या भेगेत शिरलं ते थेट भामा नदीच्या काठानं बाहेर आलं, आणि येताना शिंगं फुटून आलं. चाकणच्या कांदा मार्केटात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एक हमाल म्हणाला, "भावा, मग भेगेत ते चरत काय होतं?" मी म्हणालो, "मुळ्या." लोकांना तपशील दिला की ते गप्प बसतात.

ही माती ज्याची होती तो दादा, माझा थोरला चुलतभाऊ. वहिनी जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत, पिंपळे गुरवला फ्लॅट घेऊन राहणारा. दादानं जमीन का दिली, असं लोक अजून विचारतात. चारी अंगांनी कंपन्यांच्या भिंती उठल्या की मधल्या शेताचा हौद होतो, हे त्यांना माहीत नसतं. पाऊस पडायचा आणि पाण्याला जायला वाट नाही. एका वर्षी तर दादाच्या बाजरीत बगळ्यांनी घरटी केली होती आणि मी त्याच्या बांधावर बसून गळ टाकून मासे धरले होते. गळाचं थोडं जास्त झालं, पण बगळे होते.

तेव्हा एक शिक्षणसंस्था आली. खाजगी विद्यापीठ काढलेलं होतंच, त्याच्या पोरापोरींसाठी वसतिगृह हवं होतं. संस्थेचे सचिव गोड माणूस. इतका गोड की बोलायला लागला की मुंग्या लागायच्या. व्यवहार झाल्यावर तो दादाचा हात हातात घेऊन म्हणाला, "दादा, जमीन तुमचीच समजा."

दादानं ते तसंच समजलं. म्हणाला, "मंग मला हितंच ऱ्हाऊ द्या."

सचिवाला हसावं की खोकावं कळेना. दोन्ही करून तो म्हणाला, "गेटावर खोली बांधून देतो. तुम्ही आमचे गेटकीपर. मरेपर्यंत राहा."

दादाला एवढंच पाहिजे होतं. मुलाच्या फ्लॅटमध्ये तो मधेमधे जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. सून चांगली होती, जेवायला ऊन ऊन वाढायची. पण दादा म्हणायचा, "तिथं पाय टेकला की खाली दुसऱ्याच्या पंख्यावर टेकतो, राव. माणसाच्या पायाखाली जमीन पायजे. माझं मढं त्या लिफ्टीतनं उभं करून खाली आणणार का?" त्याचा एकच हट्ट होता: मढं उचलायचं ते ह्याच मातीतनं उचलायचं. बाकी जगात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

मी त्या कामावर कसा आलो ते सांगतो. मी आधी चाकणला एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये होतो. पत्र्याचे पार्ट दाबायचे, शिफ्ट संपली की बस पकडायची. माझ्या उजव्या करंगळीचं वरचं पेर तिथंच राहिलं. (विचारणाऱ्याचं तोंड बघून मी कधी बिबट्या सांगतो, कधी बैलगाडा घाटातली शर्यत सांगतो.) पुढं ती लाइन कंपनीनं दुसरीकडं हलवली आणि आम्हाला घरी बसवलं. तेवढ्यात वसतिगृहाच्या कामाला मातीचे ब्लॉक दाबायचं मशीन आलं आणि प्रेस चालवणारा माणूस पाहिजे होता. दादा म्हणाला, "ह्याला घ्या. याचं बोट प्रेसमधी गेलं, पर जीभ शाबूत ऱ्हायली."

ते वसतिगृह म्हणजे काय प्रकार होता! भाजलेली वीट नको, कारण भट्टीचा धूर. जागेवरच खणलेली माती, त्यात थोडं सिमेंट, भोसरीच्या फाउंड्र्यांतून वाया गेलेली वाळू, असं सगळं मिसळून मशीनमध्ये दाबायचं आणि ओल्या गोणपाटाखाली मुरवायचं. खिडक्या अशा, की पश्चिमेचा वारा आत आला पाहिजे. छपरावरचं पाणी टाकीत. आंघोळीचं पाणी शुद्ध करून संडासात, संडासातलं शुद्ध करून बागेत. मी गावात सांगितलं की तिथं शिंकलं तर शिंकही गाळून परत देतात. त्या इमारतीत नवी कोरी म्हणून फक्त पोरंच येणार होती, बाकी सगळं वापरलेलं.

हे सगळं आखलं होतं एका तरुण आर्किटेक्ट बाईनं. आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायचो. पुण्याची, बारीक, उन्हात टोपी घालणारी. मातीकडं ती अशी बघायची जशी आमच्याकडं सोयरीक जमवताना मुलीकडं बघतात. काचेच्या बाटलीत माती आणि पाणी घालून हलवायची आणि ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी थर बघायची: खाली वाळू, मग गाळ, वर चिकणमाती. दादाच्या शेताच्या कडेला एका अंगाला लाल मुरमाचा पट्टा होता. गाव तो मुरूम रस्त्याच्या खड्ड्यांत टाकायचं. मॅडमनं त्याची बाटली बघितली आणि तिचा चेहरा उजळला.

दादाला ते खपलं नाही. तो आपली काळी माती मूठभर घेऊन आला, पाणी लावून मळली, हातावर वळून तिची करंगळीएवढी वळी केली आणि वळीची अंगठी करून मॅडमसमोर धरली.

"बघा. तुटती का?"

"नाही तुटत," मॅडम म्हणाली.

"चिरली का कुठं?"

"नाही काका. तेच तर वाईट आहे. इतकी चिकट माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. भिंतीला नाही चालत."

दादा माझ्याकडं वळला. "ऐकलं का? लोणी वाईट आन ताक चांगलं."

"मी शेतीचं नाही बोलत काका, मी भिंतीचं बोलते."

"शेत काय, भित काय," दादा म्हणाला, "माती ती माती. माझ्या आज्यानं हिच्यात ऊस काढला, मनगटाएवढा."

आणि मांडीएवढा, असं मी मधेच घातलं. दादानं ते मान्य केलं.

गोष्ट इथंच थांबली असती. पण सचिवाला भूमिपूजनाला काहीतरी हृद्य करायचं होतं. गावाच्या भावना इमारतीत मिसळल्या पाहिजेत, असं म्हणून त्यानं देवळाच्या भोंग्यावरून जाहीर केलं, की ज्यांनी ज्यांनी संस्थेला जमीन दिली त्या प्रत्येक घरानं मूठभर माती घेऊन यावं. ती पहिल्या ब्लॉकात घालू.

आता आमच्या गावाला मूठभर म्हणणं म्हणजे शिवी देणं. लग्नात पाहुण्याला 'दोन घास खाऊन जा' म्हणतात तेव्हा पाहुणा किती खातो? पहिल्या घरानं पाटीभर आणली. ते बघून शेजाऱ्यानं पोतं आणलं. त्याचं पोतं बघून त्याच्या भाऊबंदानं ट्रॅक्टरची ट्रॉली जुंपली. दुपारपर्यंत रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागली होती, ट्रॅक्टरना फुगे बांधलेले, एकाच्या पुढं तर डीजे. बैलगाड्यांच्या शर्यतीत उधळायचा उरलेला भंडारा मातीवर उधळलेला. आणि रस्त्याला घालतात तो मुरूम कुणीही आणला नव्हता. देवाला कोण किडका नारळ देतं? प्रत्येकानं आपली सगळ्यात काळी, सगळ्यात चिकट, मळ्यातली माती खरवडून आणली होती.

"आमची बघा, शेणखताची हाय."

"तुमची कसली! आमच्यात पाय टाकला की चप्पल परत येत न्हाई."

रांगेतली सगळ्यात काळी ट्रॉली दादाची होती. संस्थेचा जेसीबी यायच्या आत त्यानं वरचा थर काढून ठेवला होता.

मॅडम त्या ढिगांसमोर उभी होती. मी पुष्कळ लोकांचे चेहरे पडताना बघितलेत, कंपनीनं गेटावर नोटीस लावली त्या दिवशी तर एकदम शेकड्यानं. पण तिचा पडला तसा नाही बघितला. तिनं सचिवाला बाजूला घेतलं. मी मशीनपाशी होतो, ऐकू येत होतं.

"सर, ही माती वापरता येणार नाही. पोरं झोपणार आहेत त्या भिंतींखाली."

"मॅडम, अख्खं गाव उभं आहे. परत न्या म्हणू का?"

"बागेला वापरू. बागेला सोनं आहे ही."

"ब्लॉकात घालू म्हणून मी माइकवर बोललोय." मग त्याचं तोंड खुललं. "असं करू. वसतिगृहाला तुमचा मुरूमच घ्या. ही सगळी माती गेटावरच्या खोलीला वापरू. लहानशी खोली आहे. वॉचमनचीच आहे."

मॅडम म्हणाली, त्यातही माणूसच राहणार आहे. सचिव म्हणाला, तुम्ही शिकलेल्या आहात, काहीतरी मार्ग काढा. मग तिनं मार्ग काढला: चुना भरपूर घालायचा, ब्लॉक महिना-दीड महिना मुरवायचे, जोतं दगडाचं उंच घ्यायचं, आणि छपराला चारी बाजूंनी हातभर पावळी काढायची म्हणजे भिंतीला पाऊस लागणार नाही. सचिव प्रत्येक गोष्टीला हो म्हणाला. तो कुठल्याच गोष्टीला कधी नाही म्हणत नसे.

दादाला हे कळलं तेव्हा तो आनंदानं थरथरत होता. "बघ रं," मला म्हणाला, "पोरांना मुरूम, आन मला लोणी."

ब्लॉक मी दाबले. लाल ब्लॉक मशीनमधून खणखणीत निघायचा, टिचकी मारली तर वाजायचा. काळा ब्लॉक निघताना साच्याला धरून बसायचा, सासरी निघालेल्या पोरीनं आईला धरावं तसा. चुना आला तो थोडा आला. महिनाभर मुरवायचं ठरलेलं, पण उद्‌घाटनाचे पाहुणे लवकर येणार म्हटल्यावर गोणपाट लवकर उचललं. पावळी मात्र मॅडमनं भांडून हातभर काढून घेतली. आणि मग विद्यापीठाची बस गेटातून वळताना तिचा आरसा त्या पावळीला लागला. बस काही लहान करता येत नव्हती. एका सकाळी दोन माणसं कटर घेऊन आली आणि त्यांनी रस्त्याकडची पावळी भिंतीबरोबर कापून टाकली. मॅडम त्या आठवड्यात साइटवर नव्हती.

दादा राहायला आला. एक बाज, एक स्टोव्ह, वहिनीचा फोटो. दारात बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोरीला विचारायचा, "जेवलीस का?" नांदेडकडची एक पोरगी होती, ती पहिल्या दिवशी रडत आली होती. दादानं तिला विचारलं, जेवलीस का, तर ती अजूनच रडली. मग रोज ती त्याच्या दारात दोन मिनिटं बसल्याशिवाय वर्गात जायची नाही. पोरांना तो सांगायचा, "हितं जिथं तुमी चालताय ना, हितं माझा कांदा होता. दमानं चाला."

पहिल्या पावसाळ्यात भिंतीतनं हरळी उगवली.

हरळी ज्याला माहीत नाही त्यानं आमच्या तालुक्यात शेती केलेली नाही. ते गवत नाही, तो एक सूड आहे. आमचा आजा जन्मभर हरळीशी भांडला. कुळवानं, खुरप्यानं, शेवटी शेवटी नुसत्या शिव्यांनी. त्याच्या चितेची राख सावडायला गेलो तेव्हा राखेतून एक कोंब वर आलेला मी स्वतः बघितला. तर ती हरळी दादाच्या रस्त्याकडच्या भिंतीतनं, सिमेंट, चुना, मशीनचा दाब, सगळं सहन करून बाहेर आली. हिरवीगार. दादा टाळ्या वाजवत हसला.

"जित्ती हाय रं! जमीन जित्ती हाय!"

पोरं फोटो काढायला लागली. आणि त्याच सुमाराला पर्यावरणाचा दाखला देणारी एक समिती बघायला आली. गुळगुळीत लोक, कापडी पिशव्या घेऊन. मुख्य इमारतीत त्यांनी मान हलवली, पण गेटावरच्या खोलीसमोर त्यांचे डोळे भरून आले. भिंतच जिवंत! सचिवानं क्षणभरही न थांबता सांगितलं, "होय, आमची संकल्पनाच ती आहे." त्या दिवसापासून ती हरळी उपटायला बंदी झाली. आज्यानं हे ऐकलं असतं तर राखेतून उठून बसला असता.

मॅडम मात्र आली आणि भिंतीला तळहात लावून उभी राहिली. भिंत गार आणि फुगलेली होती. दार चौकटीत अडकून आठ-पंधरा दिवस झाले होते, दादानं ते उघडंच ठेवलं होतं.

"काका, तुम्ही आजच्या आज बाहेर पडा. काही दिवस मुलाकडे राहा. मी ही भिंत उतरवून नवीन बांधून देते."

"आन मंग?"

"मग परत या."

दादा हसला. तसं हसताना तो फार म्हातारा दिसायचा. "पोरी, ह्या पट्ट्यात 'थोडे दिस भाईर ऱ्हावा' म्हणून जो भाईर गेला तो परत आत आलेला तुला ठावं हाय का? ह्यालाच विचार." त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. "कंपनीनं थोडे दिस घरी बस म्हणली व्हती."

खरं होतं.

मग तिनं दुसरं केलं. लोखंडी टेकू आणवले आणि भिंतीला आतून-बाहेरून लावले. दादा टेकूंमधून वाकून बाजेवर जायचा. "हत्तीच्या पायांमधी झोपतोय," म्हणायचा. पाऊस असा झाला, की गेटावरच्या कुत्र्याला पोहता यायला लागलं. भिंत टिकली.

पाऊस उघडला. गावात ज्याला त्याला दादा सांगत सुटला, "पावसात टिकली! मॅडम म्हणली पडल, पर टिकली!" आणि सगळ्यांनाच ते पटलं. पडायचीच असती तर पावसात पडली असती, नाही का? तेवढ्यात दुसऱ्या वसतिगृहाचा स्लॅब निघाला आणि स्लॅबला टेकू कमी पडले. ठेकेदाराचा माणूस आला आणि खोलीचे टेकू काढून घेऊन गेला. दादानंच ते उचलायला हात लावला. खोली मोकळी झाली म्हणून त्याला बरंच वाटलं.

मग आश्विनातलं ऊन पडलं. ते ऊन आमच्याकडं कसं असतं, तर वाळत घातलेली चादर काढायला जावं तर पापड हातात येतो. भिंतीला भेगा पडायला लागल्या. आधी केसासारख्या, मग बोट जाईल अशा.

आता हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही, आणि यात माझी भर काही नाही. भिंतीला भेग पडली की शहरातला माणूस घाबरतो. आमच्याकडं भेगेला कुणी भीत नाही. काळ्या रानाला भेगा पडल्या म्हणजे रान तापलं, चांगलं तापलं, आता पाणी पडलं की आतपर्यंत मुरेल. ज्या रानाला भेग नाही त्याला आम्ही हसतो. दादानं आयुष्यभर भेगांमध्ये विळा घालून खोली मोजली होती आणि शेजाऱ्याला बढाई मारली होती. तो त्या भिंतीकडं बघायचा तेव्हा त्याला भिंत दिसत नव्हतीच. उभं केलेलं शेत दिसत होतं.

"तोंड उघडलंय तिनं," तो मला म्हणाला. "तहानली हाय."

आणि रोज सकाळी तांब्या घेऊन तो त्या भेगांमध्ये पाणी ओतायला लागला.

पोरांनी ते बघितलं. विद्यापीठात जागोजाग पाट्या होत्या: उरलेलं पाणी फेकू नका, झाडांना घाला. चांगल्या घरची पोरं, सांगितलेलं ऐकणारी. संध्याकाळी बसमधून उतरली की बाटलीत राहिलेलं पाणी जिवंत भिंतीला घालून मगच आत जायची. नांदेडची पोरगी तर भेगेच्या तोंडाशी बाटली धरून म्हणायची, "पी गं बाई." दादा दारात बसून बघायचा आणि कौतुकानं मान हलवायचा. हरळी पुन्हा हिरवी झाली.

मी म्हणालो, "दादा, भिंतीला पाणी पाजतोयस, उद्या तिच्याखाली दुधाची चरवी धरून बसशील."

"दिल की," दादा म्हणाला. "माझी हाय. मला दिल."

मॅडमला तेव्हा दुसऱ्या इमारतीचं काम होतं आणि ती आली तेव्हा गेटातून गाडीनं सरळ आत गेली. तिला टेकू निघाल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. लावलेले टेकू तिला न विचारता कुणी काढेल, हे तिच्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं.

त्या दिवशी पोरांच्या परीक्षा होत्या, आवार शांत होतं. दुपारची वेळ. मी मशीनवर लाल ब्लॉक दाबत होतो. ट्रकवरून कांद्याची गोण खाली टाकल्यावर होतो तेवढाच आवाज झाला. प्रेसशॉपमध्ये कान असे होतात, की चुकीचा आवाज लगेच कळतो. मी मशीन बंद केलं आणि पळालो.

रस्त्याकडची भिंत आत पडली होती. दादा जेवून बाजेवर आडवा झालेला होता. छप्पर एका बाजूनं लोंबत होतं, ते धरायला मी ओरडलो. मेसमधले आचारी आले. परीक्षेच्या वर्गातून पोरं आली, हातात पेन तसंच. फावडं वापरायचं नाही, खाली माणूस आहे, असं कुणीतरी म्हणालं, म्हणून पोरांनी मेसच्या ताटांनी माती उपसली. ढेकळं वरून वाळून दगड झालेली आणि आतून ओली. नांदेडची पोरगी नुसत्या हातांनी काढत होती. आम्ही आधी पाय काढले, मग छाती. शेवटी तोंड मोकळं केलं.

तोंड उघडं होतं आणि मातीनं भरलेलं होतं. मी माझ्या तुटक्या करंगळीनं ती काढायला लागलो. काढून काय होणार होतं? पण ती पोरगी शेजारी बसून "काका, काका" करत होती, म्हणून मी काढत राहिलो.

सचिव आला. त्याचा चेहरा खरोखर उतरलेला होता, खोटं सांगत नाही. पण रुग्णवाहिका जाईपर्यंत तो सावरला. मुलगा पिंपळे गुरवहून आला तेव्हा सचिव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वय झालं होतं त्यांचं. भिंतीला पाणी घालायची सवय होती. आम्ही किती सांगितलं."

कुणी सांगितलं होतं? कधी?

शवविच्छेदन होऊन दुसऱ्या दिवशी दादा परत मिळाला. गाडीत मी पुढं बसलो होतो. गेटापाशी आल्यावर मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. मुलगा उतरला आणि गेटावर एजन्सीचा नवा वॉचमन उभा होता त्याला म्हणाला, दोन मिनिटं आत घेतो, त्यांच्या खोलीपाशी, मग नेतो. वॉचमननं आत फोन लावला. फोन बराच वेळ चालला. परीक्षा चालू आहेत, मुलांच्या मनावर परिणाम होईल, असं उत्तर आलं. मग आम्ही दादाला गाडीतच गेटाबाहेर, डांबरी रस्त्यावर, जरा वेळ ठेवलं. कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्न देत मागून निघून जात होत्या. गेटाच्या आत दहा पावलांवर मातीचा ढीग दिसत होता.

घरी अंघोळ घालताना सगळी माती निघाली. नखांतली निघाली नाही. बायका म्हणाल्या, राहू द्या.

दहाव्याला गाव जमलं. गावात एकच चर्चा होती: त्या भिंतीत माती कुणाकुणाची होती?

"आमची ट्रॉली तर वाटेतच पंक्चर झालती."

"आमी मूठभरच नेली व्हती, मूठभर म्हणले म्हणून."

"आमची पांढरट हाय मुळात. काळी कुठली?"

फुगे लावून, डीजे लावून, भंडारा उधळून माती नेणारी ती सगळी माणसं. ऐकणाऱ्याला वाटावं, त्या दिवशी दादाची एकच ट्रॉली गेली होती आणि सगळी खोली त्या एकाच ट्रॉलीतून निघाली. पिठलं-भात खाऊन उठताना दोघातिघांनी मला सांगितलं, की काही म्हण, नशीबवान माणूस, म्हणाला तसा स्वतःच्या मातीत गेला. मी मान हलवली. एरवी मी अशा वेळी त्यात भर घालतो. त्या दिवशी घातली नाही.

मॅडम आली होती. मागं बायकांमध्ये बसली, काही खाल्लं नाही. जाताना मला एवढंच विचारलं, "टेकू कुणी काढले?" मी सांगितलं. तिनं दुसरं काही विचारलं नाही. पुढं दुसऱ्या वसतिगृहाचं काम दुसऱ्याच माणसाकडं गेलं. ते सिमेंटच्या ब्लॉकचं झालं, मातीवरचा संस्थेचा विश्वास उडाला म्हणून. हे कुणालाच समजलं नाही, की मुरमाचं पहिलं वसतिगृह तसंच ताठ उभं आहे आणि त्याला केसाएवढी भेग नाही. मशीन विकलं. मी हल्ली चिंचवडला एका सोसायटीत लिफ्टची देखभाल बघतो. दादा असता तर हसला असता.

खोलीचा ढीग जेसीबीनं पसरून लॉनखाली घातला. मॅडम पहिल्या दिवशी म्हणाली होती तसाच, बागेत. तिथं फुलं येतात म्हणे, आणि पोरं पदवीचे फोटो तिथंच काढतात. खोलीच्या जागी आता पत्र्याची केबिन आहे. त्यात एजन्सीचा तोच वॉचमन बसतो, बीडकडचा आहे, स्वभावानं वाईट नाही. त्या दिवशी फोन करूनही आत घेता आलं नाही म्हणून त्यानं माझा नंबर मागून घेतला होता आणि पुढं कधीतरी माफी मागितली होती.

परवा त्याचा फोन आला. "काका, एक विचारायचं व्हतं. केबिनच्या तळाला फट हाय ना, तिथनं गवतासारखं काहीतरी आत यायलंय. साहेब म्हणाले साफ ठेव. उपटू का?"

"कसलं आहे? बारीक पानाचं, जमिनीला धरून?"

"व्हय. दोनदा उपटलं. परत आलं."

"उपट," मी म्हणालो. "जमतंय का बघ."